जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास : दुकानदार आणि कारागिरांनी काय जाणून घ्यावे?

शहराच्या जुन्या भागात आपल्या समाजाचा व्यापार मोठ्या प्रमाणावर आहे. अत्तर, टोप्या, कापड, भांडी, सुकामेवा, जुने सामान, चामड्याच्या वस्तू, भरतकाम, मिठाई असे अनेक धंदे चिंचोळ्या गल्ल्यांतील लहान दुकानांतून आणि पोटमाळ्यांवरून चालतात. या दुकानांची पागडी आजोबांनी भरलेली असते आणि भाडे आजही नाममात्र असते. त्यामुळे जागा आपलीच आहे अशी समजूत घट्ट होते. महापालिकेच्या सभागृहात या भागाच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होते तेव्हा दुकानदाराला त्याची गंधवार्ता नसते. नोटीस हाती पडते तेव्हा मुख्य निर्णय होऊन गेलेले असतात.

ही चर्चा कशी होते, कायदा दुकानदाराला काय देतो, काय देत नाही आणि आपण वेळेवर काय करायला हवे, याची माहिती या लेखात देत आहोत. उदाहरण म्हणून मुख्यतः मुंबईच्या भेंडी बाजारचा विचार केला आहे. मुंबईचे नियम इतर शहरांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, परंतु प्रश्न सगळीकडे सारखेच आहेत.

इमारती मोडकळीस का आल्या?

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या वेळी घरांची टंचाई होती आणि भाडेकरूला संरक्षण देणे गरजेचे होते. पण पुढे महागाई वाढत गेली, भाडे तेवढेच राहिले आणि मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. त्यानुसार मुंबई शहरातील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून दुरुस्ती करण्याची जबाबदारी मंडळाकडे आली. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. दुरुस्तीने इमारतीचे आयुष्य काही वर्षे वाढते, पण शंभर वर्षांची लाकडी सांगाड्याची इमारत कायम उभी राहू शकत नाही.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली. मात्र पागडी म्हणजे मालकी नव्हे. पागडी देणारा भाडेकरूच असतो. ही गोष्ट व्यवहारात सगळे विसरतात आणि पुनर्विकासाच्या वेळी तीच आधी पुढे येते.

भेंडी बाजारचा अनुभव

भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकर जागेवर अडीचशेच्या आसपास इमारती होत्या. त्यांत जवळपास ३,२०० कुटुंबे राहत होती आणि सुमारे १,२५० दुकाने होती. २००९ साली दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि या संपूर्ण भागाचा एकत्रित पुनर्विकास हाती घेण्यात आला. त्याच वर्षी राज्य सरकारने समूह पुनर्विकासाचे नियम सुधारले होते. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (९) हे ते कलम. सुटी इमारत पाडून त्याच जागी दुसरी बांधण्याऐवजी संपूर्ण मोहल्ल्याचा एकत्र आराखडा करणे, रस्ते रुंद करणे, गटारे आणि पाण्याच्या वाहिन्या नव्याने टाकणे हा त्या कलमाचा हेतू आहे.

ट्रस्टने एकेक इमारत मूळ मालकांकडून विकत घेत काम पुढे नेले. रहिवाशांना किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य देण्याचे ठरले. बांधकाम चालू असताना अनेक कुटुंबांची सोय माझगाव परिसरातील संक्रमण इमारतींत करण्यात आली. पहिल्या टप्प्यातील उंच इमारती २०२० च्या सुमारास पूर्ण झाल्या आणि तेथे सहाशेच्या आसपास कुटुंबे आणि शंभरावर दुकाने परत आली. म्हणजे सुरुवातीपासून पहिले दुकानदार नव्या जागेत जाईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या काळात मुलगा शाळेतून बाहेर पडून गल्ल्यावर बसतो. दुकानदाराने आपला हिशेब मांडताना हा काळ धरूनच मांडला पाहिजे.

याच भागात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मरण पावली. ती इमारत या प्रकल्पाचाच भाग होती आणि धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे आधीच दुसरीकडे गेली होती, काही राहिली होती. म्हणून पुनर्विकासाला सरसकट विरोध करा असा सल्ला आम्ही देणार नाही. मोडकी इमारत माणसे मारते. पण इमारत रिकामी करण्याच्या घाईत धंद्याचे हक्क कागदावर न आणता निघून जाणे हेही घर उद्ध्वस्त करणारेच आहे. दोन्ही धोके एकाच वेळी सांभाळायचे आहेत.

निर्णय कोठे आणि कसा होतो?

महाराष्ट्रात शहर नियोजनाचा मूळ कायदा १९६६ चा प्रादेशिक आणि नगररचना कायदा आहे. या कायद्यानुसार महापालिका किंवा नगरपालिका शहराचा विकास आराखडा तयार करते. आराखड्याचा मसुदा आधी जाहीर होतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. यासाठी मुदत थोडी असते. साधारणपणे तीस दिवस मिळतात. मुंबईच्या आराखड्यासाठी साठ दिवसांची मुदत देण्यात आली होती. हरकतींवर सुनावणी घेण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीच्या अहवालानंतर आराखडा महासभेपुढे येतो आणि शेवटी राज्य सरकारकडे मंजुरीसाठी जातो.

हरकतींचा उपयोग होत नाही असे पुष्कळ जण म्हणतात. मुंबईचा अनुभव वेगळा आहे. २०३४ पर्यंतचा मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांवर हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो मसुदा मागे घेऊन नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि नवी नियमावली १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली.

मूळ आराखड्याशिवाय आणखी दोन मार्गांनी बाजारपेठेवर परिणाम होतो. पहिला मार्ग म्हणजे मंजूर आराखड्यातील किरकोळ फेरबदल. तो कलम ३७ खाली होतो आणि त्यासाठीही सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. बाजारातील एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलणे, मंडईच्या जागेचा वापर बदलणे, असे विषय या मार्गाने येतात. दुसरा मार्ग रस्तारुंदीकरणाचा. मुंबईत १८८८ च्या कायद्याच्या कलम २९७ खाली आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवली जाते. ही रेषा कागदावर आखली जाते तेव्हा कोणाचे लक्ष नसते. पुढे दुकान दुरुस्त करायला परवानगी मागितली की अर्धे दुकान रेषेत गेल्याचे कळते. रुंदीकरणात गेलेल्या जागेच्या बदल्यात मालकाला रोख मोबदला, वाढीव चटई क्षेत्र किंवा विकास हक्क हस्तांतरणाचे प्रमाणपत्र मिळू शकते. हे प्रमाणपत्र मालकाच्या नावावर निघते, भाडेकरूच्या नाही. म्हणून भाडेकरू दुकानदाराने सुनावणीतच आपला दावा लेखी नोंदवावा आणि मालकाकडून काय मिळणार ते ठरवून घ्यावे.

मुंबई महापालिकेत जमीन, आरक्षण आणि आराखड्याचे विषय सुधार समितीपुढे येतात. इतर शहरांत स्थायी समिती आणि महासभा महत्त्वाची. सभेची कार्यपत्रिका आधी निघते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे ती मागण्याची सवय व्यापारी संघटनेने लावून घ्यावी. २०२२ पासून राज्यातील बहुतेक महापालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते आणि सभागृहाचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. त्या काळात बाजारांविषयी जे ठराव झाले, ते माहितीच्या अधिकाराखाली मागवून वाचून ठेवणे उपयोगाचे आहे. २००५ च्या त्या कायद्याने माहिती तीस दिवसांत द्यावी लागते.

चटई क्षेत्राचे गणित

पुनर्विकास फुकट होतो असे भाडेकरूला वाटते. प्रत्यक्षात तो वाढीव बांधकामाच्या विक्रीवर चालतो. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या प्रमाणाला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. समजा, चार हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक चार मिळाला. मग सोळा हजार चौरस मीटर बांधकाम होईल. त्यातले नऊ हजार जुन्या भाडेकरूंना द्यावे लागले तर सात हजार विकायला उरते. त्याच्या पैशातून सर्व इमारतींचा खर्च निघतो आणि विकासकाचा नफाही.

हे गणित समजले की पुढच्या गोष्टी समजतात. जुने भाडेकरू जितके जास्त, तितके विक्रीला कमी उरते. म्हणून पात्र भाडेकरूंची संख्या कमी करण्याकडे विकासकाचा कल असतो. तळमजल्याचा रस्त्यालगतचा गाळा सर्वांत महाग विकला जातो. म्हणून जुन्या दुकानदाराला आत किंवा वर सरकवण्याचा मोह होतो. यात कोणी वाईट माणूस असलाच पाहिजे असे नाही. हिशेबच तसा आहे, आणि आपणही हिशेबानेच बोलले पाहिजे.

दुकानदाराला काय मिळते?

मुंबईतील उपकरप्राप्त जुन्या इमारतींचा पुनर्विकास ३३ (७) या कलमाने होतो. त्यात राहत्या घराला किमान तीनशे चौरस फुटांची हमी आहे. म्हणजे शंभर फुटांच्या खोलीत राहणाऱ्यालाही तीनशे फूट मिळतात. दुकानाला अशी किमान हमी नाही. दुकान जेवढे होते तेवढेच चटई क्षेत्र नव्या इमारतीत मिळते. साठ फुटांचा गाळा साठ फुटांचाच राहतो.

दुसरी गोष्ट तारखेची. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरू या योजनेत धरले जात नाहीत. मोठ्या दुकानाचे दोन भाग करून दोन भावांच्या नावे वेगळ्या पावत्या त्या तारखेनंतर केल्या असतील, तर दोन दुकाने मिळतील या भ्रमात राहू नये.

तिसरी गोष्ट संमतीची. पूर्वी इमारतीतील सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागत असे. नव्या नियमावलीत ३३ (७) साठी ती एक्कावन्न टक्क्यांवर आली. पाच मजली इमारतीत तळमजल्यावर आठ दुकाने आणि वर चाळीस खोल्या असतील, तर केवळ रहिवाशांच्या संमतीने योजना पुढे जाऊ शकते. वरच्या रहिवाशाला मोठे घर मिळत असते, त्यामुळे तो लवकर सही करतो. दुकानदाराचे हित वेगळे असते, पण संख्या कमी पडते. म्हणून दुकानदारांनी रहिवाशांशी भांडून एकटे पडण्यापेक्षा सुरुवातीलाच त्यांच्याबरोबर बसून दुकानांच्या अटी सामाईक मागणीपत्रात घालून घेणे शहाणपणाचे आहे.

आता कायदा काय मोजत नाही ते पाहू. कायदा क्षेत्रफळ मोजतो. दर्शनी बाजू मोजत नाही. दहा फूट रुंद आणि आठ फूट खोल दुकान आणि पाच फूट रुंद व सोळा फूट खोल दुकान, दोन्ही ऐंशी फुटांचीच. पण धंदा सारखा होणार नाही. कोपऱ्यावरचे दुकान, मशिदीच्या किंवा बसथांब्याच्या समोरचे दुकान, यांची किंमत क्षेत्रफळात दिसत नाही. पोटमाळ्यावर निम्मा माल असतो, पण अधिकृत नोंद नसेल तर पोटमाळा क्षेत्रफळात धरला जाईलच असे नाही. ओट्यावर मांडलेला माल तर मुळीच धरला जात नाही. ग्राहकही मोजला जात नाही. एका ओळीत अत्तराची वीस दुकाने असतात म्हणून दुरून गिऱ्हाईक येते. ती वीस दुकाने चार इमारतींत विखुरली तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ कायम राहील आणि बाजार मात्र मोडेल.

या सगळ्या गोष्टी कायद्याने आपोआप मिळत नसल्या, तरी करारात लिहून घेता येतात. मजला, दर्शनी रुंदी, उंची, रस्त्याकडचे तोंड आणि शेजार, हे पाच मुद्दे नकाशावर खूण करून करारास जोडून घ्यावेत. "योग्य जागी दुकान देण्यात येईल" एवढ्या वाक्यावर सही करू नये.

कारागिरांचा प्रश्न

दुकानदारापेक्षा कारागिराची स्थिती बिकट आहे. मागच्या खोलीत पितळेला पॉलिश करणारा, माळ्यावर जरीकाम करणारा, जिन्याखाली घड्याळे दुरुस्त करणारा, यांच्यापैकी अनेकांकडे कागदच नसतो. दुकानदाराने तोंडी जागा दिलेली असते. १ फेब्रुवारी १९७३ पूर्वीपासून जागा वापरणाऱ्या परवानाधारकाला भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. त्यानंतर मालकाच्या परवानगीशिवाय ठेवलेल्या पोटभाडेकरूला तसे संरक्षण नाही. पुनर्विकासात नाव मुख्य भाडेकरूचे लागते आणि कारागीर रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

ज्या दुकानदाराकडे असा कारागीर वीस-तीस वर्षे आहे, त्याने याचा विचार केला पाहिजे. नव्या दुकानात त्याला कोपरा देणार की नाही, देता येत नसेल तर मोबदल्यातला काही भाग देणार का, हे आधी बोलून, शक्य तर लिहून ठेवावे. ज्याच्या हातावर आपला धंदा उभा राहिला, त्याचा हक्क पावती नाही म्हणून बुडवणे न्यायाचे नाही.

दुसरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा. निवासी इमारतीत कोणता उद्योग, किती अश्वशक्तीची मोटार आणि किती कामगार चालतील, यावर विकास नियमावलीची बंधने असतात. जुन्या चाळीत भट्टी, मोटार, आम्ल आणि आवाज यांकडे कोणी पाहत नव्हते. काचेच्या दरवाजाच्या नव्या इमारतीत पहिल्याच महिन्यात तक्रार होते. मिठाईवाल्याला धुराडे लागते, भांडीवाल्याला वजन पेलणारी लादी लागते, घाऊक व्यापाऱ्याला हातगाडी आणि टेम्पो दारापर्यंत यावा लागतो. वीज किती दाबाची हवी तेही आधी सांगावे लागते. नकाशे मंजूर होण्यापूर्वी या गरजा लेखी कळवल्या तर वास्तुरचनाकार काही करू शकतो. भिंती उभ्या राहिल्यावर कोणी काही करू शकत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनात नियम वेगळे आहेत. धारावीसारख्या भागात चामड्याचे, शिवणकामाचे, कुंभारकामाचे व्यवसाय मोठ्या जागांत चालतात. पुनर्वसनाच्या नियमांत पात्र व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फुटांपर्यंतचीच जागा विनामूल्य आहे. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तरच फुकट जागेचा हक्क लागतो. हजार फुटांच्या कारखान्याला ही जागा पुरत नाही. तेथील कारागिरांनी उरलेल्या जागेचा दर काय, ती त्याच परिसरात मिळणार की दूर, आणि काम चालू ठेवायला तात्पुरता गाळा कोठे, या तीन प्रश्नांवर भर दिला पाहिजे.

पदपथावरचे विक्रेते

बाजारपेठेच्या सुशोभीकरणात सर्वांत आधी पदपथावरचा विक्रेता उठवला जातो. त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. या कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते आणि तिचे चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अल्पसंख्याकांनाही प्रतिनिधित्व मिळावे असे कायदा म्हणतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही. हलवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत करायचा असतो. त्यासाठी ठरलेले शुल्क भरावे लागते.

आपल्या जुन्या मोहल्ल्यांसाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करीत आले आहेत, तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे या कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. जुनी छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, पालिकेच्या दंडाच्या जुन्या पावत्या हाही त्यासाठी पुरावा होतो. दंडाची पावती फाडून फेकू नका. तुम्ही त्या जागी होता याची ती पालिकेनेच दिलेली साक्ष आहे.

वक्फची जागा असेल तर

जुन्या शहरांत अनेक दुकाने मशीद, दर्गा किंवा मदरशाच्या वक्फ जमिनीवर आहेत. १९९५ च्या वक्फ कायद्यानुसार वक्फ मालमत्ता विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, मंडळाच्या मंजुरीशिवाय भाडेपट्ट्यानेही देता येत नाही आणि तसा व्यवहार निरर्थक ठरतो. त्यामुळे मुतवल्ली आणि विकासक यांनी आपसांत केलेल्या करारावर विसंबून दुकान रिकामे करू नये. मंडळाचा लेखी आदेश पाहावा, त्याची प्रत घ्यावी आणि त्यात भाडेकरूंची यादी आहे की नाही हे तपासावे. २०२५ च्या दुरुस्तीने वक्फ मालमत्तांची माहिती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदवण्याची तरतूद झाली आहे. आपल्या दुकानाची जमीन तेथे कशी नोंदली गेली, याची चौकशी मुतवल्लीकडे करावी.

आजच जमवायची कागदपत्रे

योजना जाहीर झाल्यावर कागद शोधू लागलो तर उशीर होतो. पुढील कागदपत्रे एका पिशवीत क्रमाने लावून ठेवावीत आणि त्यांच्या प्रती घरी वेगळ्या ठेवाव्यात:

१. भाडेपावत्या, शक्य तितक्या जुन्या. मालक भाडे घेत नसेल तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून त्याचा पुरावा.

२. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी, म्हणजे जुना गुमास्ता परवाना. २०१७ च्या नव्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या दुकानाने केवळ सूचना द्यायची असते. त्या सूचनेची पोच जपावी.

३. खाद्यपदार्थ किंवा इतर धंद्यासाठी घेतलेला पालिकेचा परवाना.

४. दुकानाच्या नावाची वीजबिले. बिल वडिलांच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावाने असेल तर ते बदलून घ्यावे.

५. मालमत्ता कराच्या खात्यातील तपासणी उतारा. त्यात त्या गाळ्याचा वापर आणि भोगवटादार यांची जुनी नोंद असते.

६. जीएसटी आणि उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी २०२० पासून सुरू झाली आणि कारागिरालाही ती करता येते. पत्ता मात्र कामाच्या जागेचा लिहावा, घराचा नव्हे.

मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींत म्हाडाचे मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करते. या यादीत आपले नाव, गाळा क्रमांक, वापर आणि क्षेत्रफळ बरोबर आहे की नाही हे स्वतः पाहावे. दुकान असताना वापर निवासी लिहिला गेला, तर पुढे मोठी अडचण होते. मोजणीच्या दिवशी दुकान बंद ठेवू नये.

वारसाचा विषयही आताच मिटवावा. पावती वडिलांच्या नावावर, ते हयात नाहीत, आणि तीन भावांत बोलाचाली नाही, अशी दुकाने प्रत्येक गल्लीत आहेत. भाडे कायद्यात मृत भाडेकरूच्या बरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला अग्रहक्क आहे. तसा कोणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवावे, नाहीतर न्यायालय ठरवते. घरात बसून एका कागदावर जे होते, त्यासाठी न्यायालयात वर्षे घालवू नयेत.

करार करताना

कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत असावा. त्यात नव्या दुकानाचे चटई क्षेत्र, मजला आणि नकाशा असावा. बांधकामाच्या काळात पर्यायी गाळा मिळणार की भाडे, भाडे असेल तर किती आणि दरवर्षी किती वाढ, काम रखडले तर काय, हे आकड्यांत लिहिलेले असावे. संक्रमण काळातला गाळा जुन्या बाजाराच्या जवळ हवा, कारण गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळले की सहज परतत नाही. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात हा फटका जास्त बसतो. जागा सोडण्यापूर्वी बाहेरची वसुली करावी आणि नवी जागा कळवणारे पत्रक जुन्या गिऱ्हाइकांना वाटावे.

नव्या जागेचा चालू खर्चही आधी विचारावा. उद्वाहन, पंप, पहारा, सफाई यांचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या अनेक पट असतो. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी मिळाली, ती दुकानांना लागू नाही. मालकी मिळाली तरी दरमहा खर्च परवडला नाही तर दुकान विकावे लागते, आणि मग पुनर्विकासाचा लाभ घेणारा दुसराच कोणी ठरतो.

एकट्याने जाऊ नका

एका दुकानदाराच्या अर्जाला पोच मिळते. शंभर दुकानदारांच्या अर्जाला सुनावणी मिळते. गल्लीतील सर्व धंद्यांची आणि सर्व समाजांच्या दुकानदारांची एकच संघटना असावी. तिने भागाचा साधा नकाशा काढावा, प्रत्येक गाळ्याचा धंदा, रुंदी, कामगार आणि कारागीर यांची यादी करावी. पालिकेकडेही इतकी बारीक माहिती क्वचितच असते, त्यामुळे चर्चेत अशा यादीला वजन येते. हरकत लिहिताना भूमापन क्रमांक, गाळा क्रमांक आणि नेमकी मागणी लिहावी. "आमच्यावर अन्याय होत आहे" एवढेच लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. "या ओळीतील वीस दुकाने तळमजल्यावर एकाच ओळीत द्यावीत" या मागणीवर त्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये, आणि सुनावणीच्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून हजर राहावे.

आपल्या शहरात जुन्या बाजाराचा विषय सभागृहात आला आहे का, आराखड्याचा मसुदा कोणत्या टप्प्यावर आहे, आपल्या रस्त्याची नियमित रेषा कोठून जाते, ही तीन उत्तरे पालिकेच्या नगररचना कार्यालयात मिळतात. या आठवड्यात दोघा-तिघांनी जाऊन ती विचारून यावीत आणि शुक्रवारच्या नमाजनंतर गल्लीतल्या सर्वांना सांगावीत.